हौशी मनुष्यानें विजेच्या तारा स्वतः ओढाव्या काय?

हौसेला मोल नाहीं, अशी आपल्यांत म्हण आहे. आणि ती खरीही आहे. ज्या मुलाला घड्याळ उघडून त्याचीं चाकें पाहण्याची किंवा बंद पडलेलें यंत्र खटपट करून चालू करण्याची हौस नाहीं, तो पुढें मोठा यंत्रज्ञ होईल अशी आशा थोडीच. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं, त्यांत हौसेला मोल नसलें तरी चुकीला मोल असतें, आणि तें कित्येकदां जिवानें द्यावें लागतें. अशाच एका कामाचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विषय सुचण्यास कारण असें घडलें. फणसवाडींत राहणारा आमचा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर मजकडे आला. ठाकुरद्वाराजवळची ही वाडी वाचकांस ठाऊक आहेच. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी हीं गिरगांवांतील नांवें झाडाबागांचीं. आज तेथें बाग नाहीं, मग बागेंतील झोंपडी कोठून असणार? परंतु चाळीच्या मागल्या चौकांत पत्र्याचें एखादें खोपट असतें. या विद्यार्थ्याच्या चाळींतही तें होतें. त्यांत उत्सवाचें सामान, मोडक्या खुर्च्या व एक जुनी शिडी पडलेली असे. मुलांनीं तें झाडून साफ केलें होतें.

“सर, आमच्या खोलींत आम्ही सात माणसें,” तो म्हणाला. “आजोबा नऊ वाजतां निजतात, मग दिवा मालवावा लागतो. त्या खोपटांत एक दिवा व एक पंखा आला तर चाळींतील आम्ही आठ-दहा मुलें रात्रीं तेथें अभ्यास करूं. पहिल्या मजल्यावरील आमच्या खोलींतून तार खालीं सोडावयाची, एवढेंच काम. बाबा म्हणतात, शाळेंत विज्ञान शिकतोस, मग वायरमनला पैसे कशाला? तूंच कर. करूं ना, सर?”

प्रश्न एका दिव्याचा नव्हता. आठ-दहा मुलांच्या अभ्यासाचा होता. ‘नको’ असें म्हणून त्याला परत पाठविणें सोपें होतें. परंतु कारण न सांगतां दिलेला नकार मुलांना पटत नाहीं, आणि न पटलेला नकार गुपचूप मोडला जातो. म्हणून दोन दिवस शाळा सुटल्यावर आम्ही बसलों व प्रश्नाचा सर्व बाजूंनीं विचार केला. तोच येथें सर्वांसाठीं क्रमानें मांडतों.

चाळ आणि वीज

मुंबईंत विजेचा दिवा प्रथम १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत लागला. परंतु तो उद्योग फार दिवस टिकला नाहीं. पुढें १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीनें वाडी बंदर येथें वीजघर उभारलें, आणि ७ मे १९०७ रोजीं विजेची पहिली ट्राम रस्त्यावर आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा सर्व व्यवसाय नगरपालिकेनें आपल्या ताब्यांत घेतला. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची थांबली. परंतु गिरगांवांतील घरांना वीज पुरविणारी ‘बेस्ट’ ती हीच.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. ज्या चाळी विजेच्या आधीं उभ्या राहिल्या, त्यांत तारा मागाहून आल्या. सागवानी खांब, लांकडी तुळया, लांकडी जिने, आणि भिंतीवर ठोकलेल्या लांकडी पट्टींतून नेलेल्या तारा, अशी ही जुनी रचना. त्या काळीं तारेवर रबर व कापड यांचें वेष्टण असे. रबर कालांतरानें वाळतें, तडकतें, आणि हात लागतांच गळून पडतें. बाहेरून पट्टी रंगविलेली, सुबक दिसते. आंत तार उघडी पडलेली असूं शकते. एका खोलींत चुकून पेटलेली ठिणगी लांकडी घरांत त्याच खोलीपुरती राहत नाहीं. म्हणून चाळींतील वीज ही केवळ स्वतःच्या घरची बाब नव्हे. ती शेजारधर्माचीही बाब आहे.

थोडा भार, थोडा धोका?

विद्यार्थ्यानें हिशेब मांडून आणला होता व तो बरोबर होता. दिव्यास २० वॅट, पंख्यास ७५ वॅट, एका लहान संगणकास ६५ वॅट. एकूण १६० वॅट. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. १६० ला २३० नें भागलें असतां प्रवाह सुमारें ०.७ अँपिअर येतो. “सर, एवढ्याशा प्रवाहानें काय होणार?” असें त्यानें विचारलें.

येथेंच हौशी मनुष्य फसतो. तार तापेल कीं नाहीं, हें भारावर अवलंबून असतें. परंतु माणूस मरेल कीं नाहीं, हें भारावर अवलंबून नसतें. तो हिशेब निराळा आहे. एका हातानें टाळी वाजत नाहीं. त्याप्रमाणें विजेलाही जाण्याची व परत येण्याची अशा दोन वाटा लागतात. एका तारेनें ती येते व दुसरीनें परत जाते. परंतु मनुष्य ओल्या जमिनीवर उभा राहून पहिल्या तारेस शिवला, तर परतीची वाट त्याच्या अंगांतून व जमिनींतून तयार होते. मग वाटेंत दिवा आहे कीं कारखाना, हा प्रश्नच उरत नाहीं.

कातडी ओली असतां शरीराचा रोध सुमारें १००० ओहम धरतां येतो. २३० ला १००० नें भागा, ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर येतात. आतां हे आंकडे त्यापुढें ठेवा. सुमारें १० मिलिअँपिअर प्रवाहानें हाताचे स्नायू आखडूं लागतात व धरलेली तार सोडतां येत नाहीं. ३० च्या आसपास श्वास कोंडूं लागतो. ५० च्या पुढें प्रवाह कांहीं क्षण टिकला तर हृदयाचा ठेका बिघडून तें थरथरूं लागतें व रक्ताभिसरण थांबतें. आपले २३० तर याच्या चौपटीहूनही अधिक आहेत.

“पण फ्यूज उडेल ना?” नाहीं, उडणार नाहीं. फ्यूज काय किंवा हल्लीचें एमसीबी काय, तारेचें रक्षण करण्यासाठीं असतें, माणसाचें नव्हे. ६ अँपिअरचें एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणें जाऊं देतें. २३० मिलिअँपिअर हा त्याचा सव्विसावा हिस्सा. माणूस तारेला चिकटून राहील आणि फ्यूजला त्याची दादही लागणार नाहीं! हें वाक्य प्रत्येक विद्यार्थ्यानें वहींत लिहून ठेवावें. कित्येक घरीं फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यांत जाड तार गुंडाळतात. तेथें तर तारेचेंही रक्षण उरत नाहीं.

मग रक्षण कशानें होतें?

माणसाचें रक्षण दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे अर्थिंग. पंख्याचें लोखंडी अंग, पत्र्याची भिंत, दिव्याची धातूची बैठक यांस एक तिसरी तार जोडून ती जमिनींत खोल पुरलेल्या पत्र्याशीं किंवा नळीशीं नेतात. आंतील तार सुटून धातूस चिकटली, तर मोठा प्रवाह या सोप्या वाटेनें जातो व फ्यूज तत्काळ उडतो. माणसानें हात लावण्यापूर्वींच चूक उघडकीस येते. दुसरी गोष्ट म्हणजे आरसीसीबी नांवाची चावी. ती एखाद्या चोख कारकुनाप्रमाणें जमाखर्च पाहते. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, कीं कोठेंतरी गळती आहे असें समजून ती सेकंदाच्या लहानशा अंशांत वीज तोडते. मात्र कोणी दोन्ही तारा दोन हातांनीं एकदम धरल्या, तर जमाखर्च जुळलेलाच राहतो व ही चावीही त्याला वाचवूं शकत नाहीं.

अर्थिंगचें महत्त्व विद्वानांनाही महागांत शिकावें लागलें आहे. १७५३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें गेऑर्ग रिचमन हे प्राध्यापक मेघांतील विजेचा प्रयोग करीत होते. छपरावरील दांड्यापासून खोलींत आणलेली त्यांची तार जमिनीशीं जोडलेली नव्हती. वादळ आलें, वीज पडली, आणि ते जागच्या जागीं मरण पावले. ते हौशी नव्हते, आपल्या विषयाचे जाणते होते. विजेपुढें कोणाची विद्वत्ता चालत नाहीं. केवळ योग्य जोडणी चालते.

‘चालतें’ म्हणजे ‘बरोबर आहे’ असें नव्हे

सुतारानें खुर्ची वांकडी केली तर ती डुगडुगते. शिंप्यानें बाही चुकविली तर हात आंत जात नाहीं. चूक स्वतः ओरडून सांगते. विजेची चूक बोलत नाहीं. अर्थिंगची तार मुळींच जोडली नाहीं, तरी दिवा लागतो. येणारी व जाणारी तार उलटसुलट झाली, तरी पंखा फिरतो. मात्र बटण बंद केल्यावरही दिव्याच्या खोबणींत वीज जिवंत राहते. अर्थिंग नाहीं म्हणून कोणी तिसरी तार परतीच्या तारेसच बांधतो. तेंही चालतें, पण एक दिवस ती परतीची तार तुटते आणि पंख्याचें सर्व अंग जिवंत होतें. दुसरा कोणी ती पाण्याच्या नळास बांधतो; पुढें नळाचा मधला तुकडा बदलून प्लास्टिकचा घातला जातो, आणि अर्थिंग नाहींसें झाल्याचें कोणास कळत नाहीं. पहिल्या दिवशीं या सर्व ठिकाणीं प्रकाश सारखाच पडतो. हौशी मनुष्य दिवा लागला कीं काम झालें असें समजतो. जाणता कारागीर दिवा लागल्यावर तपासणीस आरंभ करतो. दोघांत खरा भेद हाच.

त्यांतून हें काम घराबाहेरचें. मुंबईचा पावसाळा चार महिने चालतो. पत्र्यावरून पाणी गळतें, चौकांत तें सांचतें, भिंतींस ओल धरते. पत्र्याच्या कडेवर घांसून तारेचें वेष्टण कापलें गेलें, तर सबंध खोपट विजेनें भारलें जाईल. आणि भिजलेल्या पायांनीं कडी उघडणारें पहिलें मूल कोण असेल, हें कोणीं सांगावें?

कायदा काय म्हणतो?

१९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत याविषयीं स्पष्ट रेषा आंखलेली होती, आणि पुढें २०१० व २०२३ सालच्या केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांतही तोच आशय आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलणें, ज्यायोगें मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाहीं, एवढें कोणासही करतां येतें. नवी जोडणी, वाढ किंवा फेरबदल हें काम मात्र परवानाधारक कंत्राटदारामार्फत, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं व परवाना मिळविलेल्या तारतंत्र्याकडूनच झालें पाहिजे. खोपटास नवी तार नेणें हें उघडच दुसऱ्या वर्गांत मोडतें. उत्सवाच्या मंडपासाठींही मंडळें ‘बेस्ट’कडून तात्पुरती जोडणी घेतात, ती याच कारणानें.

परदेशांत काय चाल आहे? इंग्लंडांत २००५ सालापासून घरांतील विजेचीं कामें बांधकामाच्या नियमांखालीं आलीं. तेथें घरमालकास स्वतः काम करण्याची सरसकट बंदी नाहीं. परंतु बागेंतील खोलीस नवी वीजवाट न्यावयाची तर स्थानिक अधिकाऱ्यांस कळवून तपासणी करून घ्यावी लागते, अथवा नोंदणीकृत कारागीर लावावा लागतो. न्यू झीलंडांत मालकास आपल्या राहत्या घरांतील कांहीं तारकाम करण्याची मुभा आहे. पण परवानाधारक तपासनिसानें पाहून पारखल्यावांचून तें विजेस जोडतां येत नाहीं. म्हणजे जेथें हौशी माणसाच्या हातास मोकळीक आहे, तेथेंही जाणत्याच्या डोळ्यांस फांटा दिलेला नाहीं.

दोन आक्षेप

“वायरमन तरी कोठें नेहमीं चोख असतो?” असा पालकांचा एक आक्षेप असतो. तो खोटा नाहीं. परवाना म्हणजे सद्गुण नव्हे. परंतु म्हणूनच काम झाल्यावर तपासणीचा लेखी अहवाल मागावा. तारांच्या वेष्टणाची पारख मेगर नांवाच्या यंत्रानें केली काय, अर्थिंग मोजून पाहिलें काय, आरसीसीबी तपासली काय, हें विचारावें. जो कारागीर या प्रश्नांनीं रागावतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. प्रश्न विचारण्याइतकें ज्ञान प्रत्येक घरीं असावें. आणि शाळेंतील विज्ञानाचा खरा उपयोग येथें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, अशानें मुलांची जिज्ञासा मारली जाईल. तीही भीति नको. मायकेल फॅरडे पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवार होता. त्यानेंच १८३१ सालीं चुंबकापासून वीज निर्माण करण्याचें तत्त्व शोधलें. आपल्या मुंबईंत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनीं आपल्या कल्पकतेच्या बळावर छपाईचे खिळे पाडणारें यंत्र रचलें व परदेशांत नांव मिळविलें. हौस ही विद्येची जननी आहे. परंतु फॅरडेनें आपला तो प्रयोग घटमालेच्या विजेवर केला. हौशी विद्यार्थ्याचें क्षेत्रही तेंच असावें: १२ व्होल्टांची बॅटरी, सूर्यप्रकाशावर ती भरणारा लहान पट्टा, आणि दोन छोटे दिवे. इतक्या कमी दाबानें कोरड्या अंगास सहसा धक्का बसत नाहीं. मात्र बॅटरीच्या टोंकाजवळ फ्यूज घालणें विसरूं नये. तिच्या दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर त्या क्षणांत लाल होतात व आग लावूं शकतात.

विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं काय करावें

१. भाराचा हिशेब काढावा; दिवे, पंखा व बटणें कोठें हवींत त्याचा नकाशा करावा.
२. घरमालक किंवा चाळसमिति यांची संमति घ्यावी. वीज कोणत्या मीटरवरून न्यावयाची हें आधीं ठरवावें.
३. चर खणणें, भिंत साफ करणें, सामान आणणें हीं कामें स्वतः करावीं. खर्चाचा मोठा भाग येथेंच वांचतो.
४. तार जोडणें व तपासणें हें काम परवानाधारकाकडेच द्यावें.
५. आरसीसीबीवरील परीक्षेचें बटण महिन्यांतून एकदां दाबून ती उडते कीं नाहीं हें पाहावें.
६. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावूं नये. आधीं मुख्य बटण बंद करावें. तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडानें त्याला दूर ढकलावें. मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास थांबला असल्यास जाणत्यानें छाती दाबण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा.

शेवट

त्या खोपटाचें काय झालें, हें वाचक विचारतील. मुलांनीं आपला नकाशा चाळसमितीपुढें ठेवला. वर्गणी जमली. परवाना असलेला एक वयस्क वायरमन आला. त्यानें प्रथम विद्यार्थ्याच्या खोलींतील तें सॉकेट उघडलें, ज्यांतून तार खालीं सोडावयाची होती. सॉकेटास तीन भोंकें होतीं; परंतु तिसऱ्याच्या मागें तारच नव्हती. अनेक वर्षें त्या घरांत इस्त्री, पंखा, दिवे सर्व कांहीं चालत होतें, आणि कोणासही संशय आला नव्हता. मुलांनीं ठरविल्याप्रमाणें तार सोडली असती, तर पत्र्याच्या त्या खोपटास अर्थिंग म्हणून कांहींच मिळालें नसतें. आणि पावसाळा तर सुरू झालाच होता.

विद्यार्थी बराच वेळ त्या रिकाम्या भोंकाकडे पाहत राहिला. मग त्यानें वडिलांकडे पाहिलें. वडील एवढेंच म्हणाले, “आधीं घरचें करून घेऊं.” वायरमननें खोलींतील अर्थिंग दुरुस्त केलें, नंतर चाळीच्या सामाईक मीटरवरून, आरसीसीबी बसवून, नळींतून तार खोपटापर्यंत नेली. चर मुलांनींच खणला. वायरमन काम करीत असतां तीं सारीं भोंवतीं बसून प्रश्न विचारीत होतीं, आणि तो आनंदानें उत्तरें देत होता. त्या संध्याकाळीं मुलें जें शिकलीं, तें गुपचूप तार ओढून शिकलीं नसतीं.

आतां रात्रीं त्या खोपटांत दिवा लागतो व आठ-दहा डोकीं पुस्तकांवर वांकलेलीं दिसतात. विद्यार्थिमित्रहो, धाडस व धसमुसळेपणा यांत अंतर आहे. आपल्याला काय येतें हें जाणणें ही विद्या. आपल्याला काय येत नाहीं हें जाणून योग्य माणसास बोलावणें हीही विद्याच, आणि तिला शेजाऱ्यांच्या जिवाची काळजी जोडलेली असली तर तो सद्गुण होय.